प्रतिसादाचा रकाना

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मारोतरावांच्या वावरात वेचणीला कोणी जायला तयार नव्हतं. कापसाची पऱ्हाटी फुटून वावर पांढरं झालं होतं, दुपारनंतर रोज आभाळ भरून यायचं, आणि तरी आमच्या वस्तीतल्या बाया त्यांच्या धुऱ्याच्या बांधावरून सरळ पुढच्या वावरात निघून जायच्या. मजुरीचा प्रश्न नव्हता. कारण त्यांची नात होती.

निकिता आठ वर्षांची. पोळा झाल्यावर तिची आई धाकट्याला कडेवर घेऊन मुकुटबनला माहेरी गेली ती परत आलीच नाही. निकिताला मागेच ठेवलं. बाप, गोपाल, दोनदा आणायला गेला आणि दोन्ही वेळा एकटाच परतला. तेव्हापासून पोरीनं सुरू केलं. वेचणाऱ्या बाया ओणव्या झाल्या की मागून दगड मारायची. वेचून ठेवलेल्या कापसावर तिनं एकदा बादलीभर पाणी ओतलं. आमच्या शेजारची शीलाबाई तिला धरायला गेली, तर तिच्या मनगटाला अशी चावली की दातांची खूण पंधरा दिवस राहिली.

"कुत्रं चावलं असतं त सरकारी दवाखान्यात सुई तरी भेटली असती," शीलाबाई सगळ्यांना मनगट दाखवून सांगायची. "हिच्यावर सुईबी नाई."

माझी आई, सत्यशीला, गावच्या अंगणवाडीत सव्वीस वर्षं सेविका होती. सकाळी पोरांची वजनं, खिचडी, रजिस्टर, आणि दुपारी दोननंतर कमरेला ओटी बांधून आमच्या दोन एकरात वेचणी. साखरेच्या आजाराची गोळी ती आठवण आली की घ्यायची. मी दारव्ह्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, नऊच्या एसटीनं जायचे, चारच्या एसटीनं यायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच.

त्या पावसाळ्यात एका विद्यापीठाचा प्रकल्प तालुक्यात आला होता. लहान मुलांच्या वागणुकीवर उपचार, आणि पुढे त्यातून जे बिघडतं ते गावानंच आधी रोखायचं, असा त्यांचा विषय. दारव्ह्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आई एक गुळगुळीत कार्ड घेऊन आली, त्यावर पाच वाक्यं होती, आणि फॉर्मचा गठ्ठा. फॉर्मवर चार रकाने: तारीख, वागणूक, किती वेळा, मोठ्यांचा प्रतिसाद. गावातली अकरा मुलं तिनं त्यात घेतली होती. पहिलं नाव निकिताचं.

ती कार्ड वाचायची तेव्हा मीही वाचलं. या विषयावर मी बरंच वाचलेलं होतं. कार्डात चूक काही नव्हतं.

अंगणवाडीत बैठक भरली ती रविवारी, म्हणून मी होते. वेचणीच्या बाया एका भिंतीला, मारोतरावांकडच्या आळीतल्या बाया दुसऱ्या भिंतीला. मारोतरावांची बायको बेबीताई दाराशी बसल्या होत्या, उठून जायला सोपं पडावं तशा.

"चवथी गोष्ट," आईनं कार्डावर बोट ठेवलं. "त्रासदायक वागणुकीकडे हेतुपूर्वक दुर्लक्ष करावे."

"दुर्लक्ष त सरकार करते," शीलाबाई म्हणाली. "त्याचं टरेनिंग कायले लागते?"

बाया हसल्या. बेबीताई हसल्या नाहीत.

"माह्या नातीकडं मी दुर्लक्ष करू? उद्या लोक म्हनतीन, माय टाकून गेली अन् आजीबी पाहत नाई."

"तसं दुर्लक्ष नाई, बेबीताई."

"मंग कसं? दुर्लक्षाचे किती परकार असते?"

आईनं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही होतं, पण चष्मा घरी राहिला होता. मग तिला शब्द सापडला आणि तिचा चेहरा मोकळा झाला.

"अबोला धरा म्हना. पोट्टीनं दगड मारला, कोनाले चावली, का तिच्यासंग बोलू नका. ओरडू नका, मारू नका, बोलूच नका. थोड्या येळाचा अबोला. चांगली वागली का बोला."

तो शब्द दोन्ही भिंतींना एकदम कळला. "थोड्या येळाचा" हे मी ऐकलं होतं. नंतर चार बायांना विचारलं, एकीलाही ते आठवत नव्हतं.

आमच्याकडे अबोला मिनिटांचा नसतो. माझी काकू आणि तिची शेजारीण एकाच नळावर चार वर्षं न बोलता पाण्याचे गुंड भरत होत्या. अबोल्याचा कायदा सगळ्यांना पाठ असतो: ज्याचं चुकलं त्यानं आधी बोलायचं, आणि तोवर दुसऱ्यानं वाट पाहायची. जो आधी बोलला तो हरला. हे आठ वर्षांच्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी बाया मारोतरावांच्या वावरात उतरल्या. निकितानं नेहमीसारखा दगड मारला. कोणी वळलं नाही. तिनं दुसरा मारला, मग मोठा मारला, तो शीलाबाईच्या पाठीवर बसला. शीलाबाईनं एक हात मागे नेऊन पाठ चोळली, दुसऱ्या हातानं बोंड उपसत राहिली. पोरगी पऱ्हाटीच्या ओळींतल्या तासांमधून पळत पुढे आली, बायांच्या तोंडासमोर उभी राहिली, शिव्या दिल्या. बायांनी तिच्या दोन्ही अंगांनी हात घालून कापूस वेचला. हे मला शीलाबाईनंच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. "तुह्या मायची इद्या चालली," ती म्हणाली. "खांबासारकी उभी राह्यली पोट्टी. मंग गेली."

घरी बेबीताईंनी ताट वाढून समोर सरकवलं. बोलल्या नाहीत. मारोतराव बोलले नाहीत. गोपाल तसाही फार बोलत नव्हता. आळीतल्या बायांनी आपापल्या पोरांना सांगून ठेवलं. शाळेत तिच्या बाकावरची पोरगी उठून दुसरीकडे बसली. कोणी क्रूर नव्हतं. सगळे वाट पाहत होते की ती कधी चुकली म्हणते.

चौथ्या दिवसापासून दगड बंद झाले.

कापूस वेचून झाला. अवकाळी पाऊस आला तेव्हा मारोतरावांच्या पडवीत गंजी लागलेली होती, आणि आमच्या दोन एकरातला निम्मा माल बोंडात भिजून काळा पडला. आई आणि मी तो भिजका कापूस वेचायला गेलो. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटत होत्या. धुऱ्यापलीकडे निकिता बसली होती. हातात दगड नव्हता. आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. अबोला तिनंच सांगितला होता, तो तिनं कसा मोडायचा?

फॉर्मवर तिचं गोल अक्षर: दगड मारणे, ०. चावणे, ०. शिवीगाळ, ०. आणि प्रतिसादाच्या रकान्यात रोज एकच शब्द, अबोला.

सहाव्या दिवशी प्रकल्पाचे पर्यवेक्षक कपिल सर मोटरसायकलवर यवतमाळहून आले. मी त्या दिवशी कॉलेजला सुट्टी म्हणून अंगणवाडीत खिचडीचं भांडं घासत होते. त्यांनी फॉर्म चाळले आणि खुर्ची पुढे ओढली.

"सत्यशीलाबाई, तुमच्या गावाचा आलेख तालुक्यात सगळ्यात चांगला आहे. एवढी घसरण कुठेच नाही."

"सर, ते पोट्टी बोलत नाई."

"कोणाशी?"

"कोनाशीच."

"दगड मारते?"

"नाई."

"चावते?"

"नाई. सर, ते काईच करत नाई. डब्बाबी खात नाई शाळेत."

"त्याचा वेगळा फॉर्म आहे," सर म्हणाले. "तो पुढच्या टप्प्यात येईल." त्यांनी आईच्या फॉर्मचे मोबाइलवर फोटो काढले. प्रतिसादाच्या रकान्यावरून त्यांची नजर गेली असणार. त्या दिवशी त्यांनी तो शब्द वाचला नाही.

नवव्या दिवशी मी चारच्या एसटीनं उतरले. फाट्यावरच्या शेडमध्ये निकिता बसली होती. मागच्या दाराशी कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हे पोट्टी तुमच्या गावची का? दहाच्या फेरीपासून हाय अथीच. बोरी अरबले जाताना इचारलं, येताना इचारलं, तोंड उघडत नाई."

फ्रॉक ओला होऊन तिथेच वाळला होता, वास येत होता. ओठ फाटले होते. मुठीत एक घडी घातलेला कागद होता, त्यावर मुकुटबन असं तिच्या अक्षरात लिहिलेलं. शेडसमोरून सकाळी गावातल्या सगळ्या बाया वावरात गेल्या असणार, आणि दुपारी आल्या असणार. शीलाबाईला मी संध्याकाळी विचारलं.

"पाह्यलं नं मी तिले," ती म्हणाली. "दोन्ही येळा पाह्यलं. अबोला होता नं."

मी "चल" म्हटलं तशी निकिता उठली. मी हात धरला, ती चावली नाही. मला वाटलं होतं ती चावेल. तिला बेबीताईंच्या ओट्यावर सोडलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, फ्रॉककडे पाहिलं, सूप खाली ठेवलं, आणि तरी पहिला शब्द त्यांच्या तोंडून येईना. शेवटी माझ्यावर ओरडल्या. "कुठं सापडली तुले?"

घरी आई चुलीपाशी होती. मी चपला न काढता आत गेले.

माझे आजोबा रामधन. दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावची मेलेली ढोरं ओढायला नकार दिला, आणि गाव आखाडीपासून दिवाळीपर्यंत आमच्या वस्तीशी बोललं नाही. चक्कीवर, दुकानात, विहिरीवर. बाबा तेव्हा सात वर्षांचे होते. मार खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं ते म्हातारपणी म्हणायचे. आईनं हे लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं.

मी म्हटलं, "बाबा सात वर्सांचे होते. तुले माहीत हाय. अन् तुलेच हा शब्द सापडला."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, भाकर उतरवली, माझ्या ताटात वाढली. मग खुंटीवरची पिशवी काढून कार्ड घेतलं, चष्मा लावला, आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली. दोन ते पाच मिनिटे, असं तिथे छापलेलं होतं. लगेच नंतर प्रेमाने बोलावे, असंही होतं.

तिनं कार्ड परत पिशवीत ठेवलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी डबा, गाडी, पाणी एवढंच बोलत राहिलो. त्याला अबोला म्हणता येणार नाही. पण मी ते वाक्य परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव आमच्या अंगणात आले. सत्तरीचा माणूस, आमच्या वस्तीत पाऊल टाकलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मागे गोपाल, मान खाली.

"बाई, बाहेर ये."

आई बाहेर आली. "बसा, भाऊ."

"बसाले नाई आलो. रामधनचा वचपा तुवा आठ वर्साच्या पोरीवर काढला. एवढंच सांगाले आलो."

"वचपा नाई. चूक झाली माही. बारीक वाचलं नाई म्या."

"चूक असती त तुह्या वस्तीतल्या पोट्ट्यावर झाली असती. आमच्याच घरात काहून झाली?" ते आवाज न चढवता बोलत होते. "माह्या बापानं बोलनं बंद केलतं, मान्य. तो आता नाई. मले सांगाचं होतं, मी पाया पडलो असतो. पोरीवर कायले?"

"भाऊ, तिच्या भल्याचं काम करावं म्हनून—"

"तुहं काम झालं. तिनं दगड मारनं सोडलं. जेवनंबी सोडलं."

गोपाल म्हणाला, "चला बा." ते गेले. वस्तीतली माणसं दारांत उभी राहून ऐकत होती. शीलाबाई म्हणाली, "सत्यशीला, म्हातारा खोटं बोलत असन, पण लोक खरं म्हनतीन." खरोखर तसंच झालं. आठवड्यात त्या आळीतली सहा पोरं अंगणवाडीत यायची बंद झाली.

मारोतराव येऊन गेले त्या दिवसापासूनच आई रोज दुपारी अंगणवाडीला कुलूप लावून घरी यायच्या आधी मारोतरावांच्या परसाकडून जायची. तुराट्यांचं कुंपण होतं, तिच्या छातीएवढं. निकिता आत गोठ्याच्या सावलीत बसलेली असायची. आई कुंपणाबाहेर उभी राहून बोलायची. मी दोनदा पाहिलं, लांबून.

"निकिता, आज वरनभात होता. तिखट झालतं थोडं. पोट्टे पानी पेऊन पेऊन जेवले."

पोरगी मातीत काडीनं रेघा काढत राहायची.

"माहा चष्मा तुटला आज. दोऱ्यानं बांधला. पाह्य, कशी दिसतं मी?"

पहिल्या दिवशी बेबीताई म्हणाल्या, "सत्यशीला, लाज वाटू दे." दुसऱ्या दिवशी काही म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भांडी घासलेलं राखेचं पाणी कुंपणावरून टाकलं, आईच्या पायांवर आलं. आई पातळ झटकून म्हणाली, "बेबीताई, तुमीबी बोला तिच्यासंग. चुकली म्हनाची वाट पाहू नका. तिले माहीत नाई काय चुकलं."

"आता तू शिकवशीन मले, लेकराशी कसं बोलाचं."

"म्याच बिघडवलं त म्याच सांगन नं."

मारोतरावांनी पाचव्या दिवशी निरोप धाडला की कुंपणाजवळ दिसली तर पंचायतीत तक्रार करीन. आई गेली. लोक हसायला लागले, सत्यशीलाबाई तुराट्यांशी बोलते म्हणून. चौकात एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "मॅडम, मायले यवतमाळले दाखवा एकदा." मी घरी आल्यावर तिला सांगितलं नाही, आणि तू जाऊ नकोस असंही म्हटलं नाही. फॉर्मवर ती रोज तीन शून्यं मांडायची, पण प्रतिसादाच्या रकान्यात आता दुसरा शब्द होता: बोलले.

कुंपणाशी जायला लागल्यापासून बाराव्या दिवशी ती लंगडत घरी आली. डाव्या नडगीवर दोन बोटं रुंद जखम, पातळाची किनार रक्तानं चिकटलेली. आणि ती हसत होती. कित्येक दिवसांनी ती माझ्याशी डब्यापलीकडचं बोलली.

"दगड मारला तिनं. गोठ्यातून. कुडाच्या फटीतून बरोब्बर पायावर."

"दाखव."

"थांब नं, आयक पयले. मी म्हनलं, चांगला नेम हाय तुहा. त काय म्हनली माहीत हाय?"

"काय?"

"जाय नं बुढे." आई तो सूर काढून म्हणाली. "जाय नं बुढे, म्हनली. बेबीताई आतून धावत आल्या, मले वाटलं आता मलेच मारतीन. त तिले पोटाशी धरलं अन् रडाले लागल्या. मी निंगाली मंग तथून."

पाय धुऊ दिला नाही आधी. पिशवीतून फॉर्म काढला, पाटावर ठेवून लिहिला. दगड मारणे, १. शिवीगाळ, १. प्रतिसाद, बोलले. मग हळद लावून चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला गेली.

कपिल सर महिनाअखेरीला आले तेव्हा बसलेच नाहीत.

"हा 'अबोला' काय आहे?"

"तेच जे आमी केलं, सर."

"आमच्या पद्धतीत हा शब्द कुठे आहे? कार्डावर दुर्लक्ष आहे. या नऊ रकान्यांत दुर्लक्ष लिहा आणि बाजूला सही करा."

"दुर्लक्ष नव्हतं नं केलं. अबोलाच धरला होता साऱ्या गावानं."

"तुम्हाला समजतंय का? हे असंच पुढे गेलं तर अख्खं गाव अभ्यासातून बाद होईल. दोन वर्षांचं काम आहे. आणि लोक म्हणतील आम्ही मुलांना वाळीत टाकायला शिकवतो."

"तुमी नाई शिकवलं. म्या सांगतलं. म्हनून त माह्या अक्षरात हाय."

"मग तुमच्या अक्षरात दुरुस्त करा."

आईनं फॉर्म त्यांच्या हातातून घेतले, सरळ केले आणि पिशवीत घातले. "फोटू हाय तुमच्याकडं," ती म्हणाली. "मी खोडत नाई."

त्यांनी प्रकल्पाचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्या गावच्या सेविकेला, प्रेरणाला दिलं. प्रेरणा आठवड्यातून एकदा यायची. आई तरी आपले फॉर्म भरत राहिली, कोणी मागत नव्हतं तरी. निकिता पुन्हा शाळेत भांडायला लागली होती. आकडे वाढत होते. दोन, तीन, एकदा पाच. मुकुटबनहून तिची आई संक्रांतीला आली आणि चार दिवस राहून गेली, तेव्हा एका दिवसात अकरा.

जखम भरली नाही. मी म्हटलं दवाखान्यात चल. ती म्हणाली वेचणी होऊ दे, फरदडीचं दुसरं पीक घ्यायचं नाही, एवढंच राहिलंय. संक्रांत झाली आणि त्या पायाचा अंगठा काळा पडला. मी तिला यवतमाळला नेलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी चिंधी सोडली आणि नाकावर हात नेला.

"कशानं लागलं हे?"

मी बोलायला तोंड उघडलं. आई माझ्याआधी म्हणाली, "पऱ्हाटीचा खुंट घुसला. वेचताना."

"किती दिवस झाले?"

"दोनेक महिने."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांनी पाय गुडघ्याखाली काढला. अकराव्या दिवशी ती गेली, माघी पौर्णिमेला दोन दिवस होते. शेवटच्या आठवड्यात ती माझ्याशी बरंच बोलली: तुरीचं काय करायचं, अंगणवाडीच्या वजनकाट्याचं बटण कसं अडकतं, शीलाबाईला दिलेला तवा. चुलीपाशी मी जे म्हटलं होतं त्याबद्दल तीही बोलली नाही, मीही नाही. आता मला वाटतं ती वाट पाहत होती. माझं चुकलं होतं, तेव्हा मीच आधी बोलायला हवं होतं. पण तिला कुंपणापाशी उभं राहून एकटीनं बोलताना पाहिलेलं असल्यामुळे, ती मला त्या कायद्यानं वागवत असेल असंही वाटत नाही. मला कळत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. भंतेजींचं झालं, पंगती बसल्या. मी ताटं उचलत होते तेव्हा फाटकाशी बेबीताई दिसल्या. मागे निकिता. बेबीताई आत आल्या, आईच्या फोटोपुढे फूल ठेवलं, शीलाबाईनं त्यांना सतरंजीवर जागा केली आणि ताट दिलं. पोरगी निंबाखाली उभी राहिली.

मी तिच्या जवळून दोनदा गेले. मला ती दिसत होती. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. तिचे हात लहान होते, नखांत माती होती, आणि त्या हातांकडे पाहताना मला डाव्या नडगीशिवाय काही आठवत नव्हतं. बाकीच्यांनाही कामं होती. कोणी तिला ये म्हटलं नाही.

तिसऱ्यांदा जाताना पाण्याच्या पिंपावर दगड टणकन वाजला. सगळी पंगत वळली.

"मेले, इथं तरी," बेबीताई म्हणाल्या.

मी ताटं खाली ठेवली आणि तिच्यासमोर गेले.

"काय हाय?"

"बुढी माह्या दगडानं मेली का?"

हळू विचारलं होतं. फक्त बेबीताईंनी ऐकलं. त्यांचा घास ताटातच राहिला.

"कोन म्हनलं?"

"कोनी नाई. म्या मारलता. रगत निंगालतं."

मी बेबीताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिले खुंट लागला होता," मी म्हटलं. "पऱ्हाटीचा. दवाखान्यात लिहून हाय."

"कोनत्या?"

"यवतमाळच्या."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मनगटाला चावायच्या आधी तिनं शीलाबाईकडे पाहिलं असेल तसं.

"खोटं बोलून राह्यली तू."

"बरं. जेवून घे."

"नाई जेवत मी तुह्याइथं."

"नको जेवू."

ती जेवली नाही. गेलीही नाही. बेबीताईंचं जेवण होईपर्यंत निंबाच्या बुडाशी टेकून, पिंपाला नेम धरत उभी राहिली.

सोमवारी प्रेरणा आईचे राहिलेले कागद न्यायला येणार होती. कपिल सरांनी तिला पाठवतो म्हणून फोन केला होता, जुने फॉर्म आता संगतवार लावायचे होते. मी खुंटीवरची पिशवी काढली. नऊ अबोले तसेच होते, निळ्या शाईत, न खोडलेले. त्यांच्यानंतर पानांवर पानं. दगड लागला त्या दिवसाच्या ओळीवर रक्ताचा की हळदीचा एक डाग होता. शेवटची ओळ आम्ही यवतमाळला गेलो त्या सकाळची. खाली जागा कोरी होती.

मी तिचंच पेन घेतलं. तारीख घातली. दगड मारणे, १, पिंपावर. मग प्रतिसादाचा रकाना आला. मी तिथे 'खोटं बोलले' असं लिहिणार होते, तेच खरं होतं. रकाना अरुंद होता. मी 'बोलले' एवढंच लिहिलं.